वीसपैकी दोन

३ मे १९७६, सोमवार

आज अकरा घरं झाली. अंगावर आलेली कुत्री दोन. बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता असं सांगणारे — सात!

अकरातले सात. येत्या चार जुलैला देशाला दोनशे वर्षं होतील. गावभर झेंडे लागलेत, आगीच्या बंबाला पाणी देणारे नळसुद्धा लाल-पांढरे-निळे रंगवून झाले, आणि लोकांचा फ्रँकलिन राष्ट्राध्यक्ष. तो बिचारा कधीच नव्हता.

हे काम साप्ताहिकाच्या डेल ऑर्डवेने दिलं. आमच्या हार्लन फॉर्ड गावातली शंभर माणसं, राष्ट्राध्यक्षांवरचे वीस प्रश्न. छापील कागद, प्रत्येक प्रश्नाखाली चार नावं, बरोबर वाटेल त्यावर खूण करायची. प्रश्न आपण वाचून दाखवायचा नाही, कागद हातात द्यायचा आणि गप्प बसायचं — हा त्याचा नियम. म्हणे, ‘तुमच्या चेहऱ्याकडे बघून लोक उत्तर ओळखतील, मिस कॉन्कल. एकोणीस वर्षं शिकवलंय तुम्ही. तुमचा चेहराच उत्तरपत्रिका आहे!’

हो, शिकवलंय. मागच्या वर्षी दोन गावांच्या शाळा एक केल्या आणि इतिहासाला एक माणूस पुरे म्हणाले. दुसऱ्या गावाचा ठेवला. मुलांना लांबून आणायचं, म्हणून बसचे ड्रायव्हर मात्र सगळेच्या सगळे ठेवले.

घरी येऊन नेओमाला फ्रँकलिनचं सांगितलं. ती पुढच्या खोलीत कुणाचे तरी केस गुंडाळत होती. ‘अगं आर्डिथ, लोकांना स्वतःच्या आजोबांचं नाव धड आठवत नाही. तुझे राष्ट्राध्यक्ष कुठले आठवायला!’ — बहीण माझी, पण बाजू नेहमी गिऱ्हाइकांची.

५ मे

एका बाईंनी वॉशिंग्टनच्या लाकडी दातांबद्दल वीस मिनिटं ऐकवलं. म्हटलं, ते लाकडाचे नव्हतेच — हस्तिदंत, जनावरांचे दात, माणसांचेसुद्धा. बाईंनी दार लावून घेतलं.

११ मे, मंगळवार

आज व्हर्लिन स्टाउफर.

लोकस्ट रस्त्याच्या टोकाचं घर, दारात शाळेची पिवळी बस. बावीस वर्षं तीच चालवतोय. अंगाने उंच, हाडं वर आलेली, कान मोठे. म्हणून चौदा वर्षं चार जुलैच्या मिरवणुकीत आमचा लिंकन तोच. काळा कोट, उंच टोपी, लोकरीची दाढी. पोरं ‘एब! एब!’ ओरडत मागे धावतात. बोलायचं काही नसतं, टोपी उचलायची असते फक्त.

दुपारच्या फेरीला अवकाश होता. बायको फर्न डॉक्टरकडे गेली होती. मला पायरीवरची खुर्ची दिली, स्वतः खाली बसला. कागद घेतला, पेन्सिल घेतली. फार वेळ लावला. मी म्हटलं, विचार करतोय. मधेच म्हणाला, ‘बाई, हे घरी ठेवून गेलात तर? फर्न आली की दोघं मिळून बघू.’ म्हटलं, ‘छे, नियम आहे. माझ्यासमोरच भरायचं.’ मग भराभर खुणा केल्या आणि कागद परत दिला.

मोटारीत बसून तपासला. वीसपैकी दोन! यादवी युद्धाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष कोण? आमच्या लिंकनने खूण केली आहे — रदरफर्ड हेज!! तो तर युद्ध संपून बारा वर्षांनी आला.

स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसले. कित्येक महिन्यांत अशी हसले नव्हते. जेवताना नेओमाला सांगितलं तर तिच्या नाकातून सूप आलं. ‘दाढी कुणाची लावलीय हे तरी विचारायचं होतंस!’

१४ मे, शुक्रवार

शंभर पुरे झाले. कागदांचा गठ्ठा ऑर्डवेकडे दिला. सरासरी वीसपैकी सात. तो खूश — ‘मथळा मिळाला.’ मग म्हणाला, ‘काही गमतीचं?’

सांगितलं. नाव नाही सांगितलं. ‘मिरवणुकीत चालणारा एक उंच माणूस’ म्हटलं फक्त.

ऑर्डवेने पेन्सिल कानामागून काढली.

२० मे, गुरुवार

छापून आलं. पहिल्या पानावर, चौकटीत. ‘आमच्या गावात एक गृहस्थ आहेत. उंच आहेत, वर्षातून एकदा लोकरीची दाढी लावतात. यादवी युद्ध कोणी लढवलं ते त्यांना ठाऊक नाही. पण टोपी छान उचलतात.’

नाव नाही. हवंय कशाला?

तीनदा वाचलं. वाक्यं चांगली आहेत. माझ्याच तोंडची आहेत.

२३ मे, रविवार

चर्चमध्ये स्टाउफर नवराबायको नेहमीच्या बाकावर होती. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘हेजसाहेब आले.’ आजूबाजूचे चार खांदे हलले. तो भजनाचं पुस्तक उघडून धरून उभा होता, मान ताठ.

नेओमा सांगते, बसमध्ये पोरांनी गाणं केलंय. चढताना म्हणतात, उतरताना म्हणतात. तिसरीतली पोरंसुद्धा. हेज म्हणजे कोण हे त्यांतल्या एकाला ठाऊक असेल तर शपथ!

२८ मे

वाण्याच्या दुकानात समोरासमोर आलो. मी डब्यांच्या रांगेत वळणार होते. त्याने टोपी काढली. ‘बाई, बऱ्या आहात ना?’ बरी आहे म्हटलं. बीन्सचे तीन डबे घेऊन आले. घरात आधीचे चार आहेत.

३ जून, गुरुवार

मिरवणूक समितीने लिंकन बदलला. आता विम्याचा एजंट लिंकन. पाच फूट सात इंच! साप्ताहिकात आलंय — ‘यंदाचं वर्ष मोठं असल्याने समितीने नव्या चेहऱ्याला संधी दिली आहे.’

नेओमा आज हसली नाही. ‘चौदा वर्षं, आर्डिथ. कोटाला तो स्वतः इस्त्री करायचा.’ मी म्हटलं, मी नाव घेतलं नव्हतं. ती म्हणाली, ‘तुला काय कुणी कोर्टात उभं केलंय?’

८ जून, मंगळवार

केळ्यांचा केक घेऊन गेले. काय बोलायचं ते मोटारीत घोकलं होतं. ते सगळं तसंच राहिलं.

दार फर्नने उघडलं. माझ्याकडे बघत होती, पण नजर कानाच्या बाजूला. ‘कोण?’ म्हणाली. मी अगदी समोर उभी होते. साखरेने डोळे गेले तिचे. थोडा उजेड कळतो आणि कडेचं काहीतरी. हिवाळ्यापासून असं आहे. गावात कुणाला माहीत नाही.

टेबलावर पत्रांचा ढीग. एकही फोडलेलं नाही. तिने चाचपून वरचं उचललं आणि माझ्या हातात दिलं. ‘बाई, आलाच आहात तर एवढं वाचता? शाळेचं असावं. कागद जाड आहे.’

मी म्हटलं, ‘व्हर्लिन वाचेल की.’

व्हर्लिन मागच्या दारातून आत आला होता. हात पुसत उभा राहिला. मग शांतपणे म्हणाला, ‘मला वाचता येत नाही, बाई.’

लहानपणी शेतावर कामाला लावलं. शाळा दोन हिवाळे, तीही अधूनमधून. परवाना काढला तेव्हा पोलिसाने सगळं तोंडीच विचारलं होतं. रस्त्यावरच्या पाट्या रंगावरून आणि आकारावरून ओळखतो. मुलांची घरं पाठ आहेत. बाकीचं सगळं बत्तीस वर्षं फर्नने वाचलं — पत्रं, बिलं, औषधाच्या बाटल्या. ‘आणि राष्ट्राध्यक्ष,’ फर्न म्हणाली. लिंकनचं काम मिळाल्यावर हा म्हणाला, त्याचं काहीतरी वाच, मला ठाऊक असलेलं बरं. लिंकन संपला तेव्हा बाकीचेही वाचले. रोज जेवणानंतर, चौदा वर्षं.

मी त्याला विचारलं. मला राहवलंच नाही. यादवी युद्ध? त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘लिंकन. पण त्याआधी ब्यूकॅनन होता, त्याने नुसतं बघत बसण्याशिवाय काही केलं नाही.’ लग्न न केलेला राष्ट्राध्यक्ष? ‘तोच, ब्यूकॅनन.’ घरात इंग्रजी न बोलणारा? ‘व्हॅन ब्यूरन. डच बोलायचे त्यांच्या घरी. इंग्रजी नंतर शिकला.’ वीसच्या वीस प्रश्न विचारले. एकोणीस बरोबर. विसाव्याचं उत्तर मलाच नीट आठवत नव्हतं, त्याने सांगितलं.

मला कसं कळलं नाही! एकोणीस वर्षं मुलांसमोर उभी राहिले मी. कसं कळलं नाही?

पत्र शाळा मंडळाचं होतं. नवा नियम. सगळ्या ड्रायव्हरांची ऑगस्टमध्ये लेखी परीक्षा. वाचून दाखवलं.

म्हटलं, ‘मी ऑर्डवेला सांगते. पुढच्याच अंकात माफी छापायला लावते. तुम्हाला सगळं येतं, फक्त—’

‘फक्त काय, बाई?’ तो म्हणाला. ‘राष्ट्राध्यक्ष येत नाहीत म्हणून लोक हसतात. हसू देत. वाचता येत नाही हे कळलं तर बस जाईल.’ फर्नने टेबलावर हात फिरवला आणि त्याचा हात शोधला. ‘कुणाला सांगणार नाही म्हणा.’

म्हटलं.

९ जून

केक परत आणला होता. डबाच उघडला नव्हता मी. नेओमाने विचारलं, घेतला नाही का त्यांनी? नाही घेतला म्हटलं.

१५ जून, मंगळवार

आजपासून दर मंगळवारी. आधी पत्रं वाचते, मग ड्रायव्हरांची पुस्तिका. एकदा वाचलेलं त्याला पाठ होतं — पानाच्या कुठल्या कोपऱ्यात काय, हेसुद्धा मी वाचताना कुठे थांबले त्यावरून सांगतो. पण परीक्षेत खुणा करायच्या आहेत. म्हटलं, अक्षरं शिका. अठ्ठावन्नाव्या वर्षी? म्हणाला.

फर्न म्हणाली, ‘अँड्र्यू जॉन्सन.’

लिंकननंतरचा. शिंपी होता, शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. वाचायला कसाबसा शिकला होता, लिहायला बायकोने शिकवलं. मी वर्गात कितीदा सांगितलंय हे. पोरं जांभया द्यायची.

‘तो तेव्हा जेमतेम विशीतला होता,’ व्हर्लिन म्हणाला. ‘आणि त्याच्या बायकोला दिसत होतं.’

पण पेन्सिल घेतली.

२२ जून

सात अक्षरं. ‘थांबा’ हा शब्द त्याला आठ कोपऱ्यांच्या पाटीबाहेरही ओळखू यायला लागला. पानावर पहिल्यांदा सापडला तेव्हा त्यावर बोट ठेवून राहिला. ‘इथेही आहे की हा!’ — रस्त्यात ओळखीचा भेटावा तसं.

ऑगस्टपर्यंत होईल का? लाल-पिवळ्या पाट्यांवरचे शब्द तर होतील. बाकीचं अर्धं पाठांतराने. होईल कदाचित.

घरी येताना मला बरं वाटत होतं. बरं वाटायचा मला काय हक्क आहे?

२९ जून

अकरा अक्षरं. b आणि d वर अडलोय. मला म्हणाला, ‘लिंकनला अकरा वर्षांच्या एका मुलीने पत्र लिहिलं. तुमचा चेहरा बारीक आहे, दाढी ठेवा, लोक मत देतील. आणि ठेवली की त्याने! एका पत्राने माणसाचा चेहरा बदलतो, बाई.’ मग कपाटाकडे पाहिलं. त्याच्या दाढीचं खोकं अजून त्यावर आहे.

४ जुलै, रविवार

मिरवणुकीला गेले नाही. ती दोघंही गेली नव्हती. मागच्या पायरीवर तिघं बसलो, भाजलेली कणसं खाल्ली. बँडचा आवाज झाडांवरून येत होता. मधे मोठा गलका झाला. नवा लिंकन आला असणार. व्हर्लिनने कणीस खाली ठेवलं. गलका विरला तसं परत उचललं.

फर्न म्हणाली, ‘आजचं सांग ना.’ मग त्याने सांगितलं. अ‍ॅडम्स आणि जेफरसन. मित्र, मग वैरी, म्हातारपणी पत्रं लिहून पुन्हा मित्र. आणि मेले एकाच दिवशी — चार जुलै, देशाला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. अ‍ॅडम्स मरताना म्हणाला म्हणतात, जेफरसन अजून आहे. पण तो काही तासांपूर्वीच गेला होता.

हे मी एकोणीस वर्षं शिकवलं. व्हर्लिनने सांगताना पहिल्यांदा कळलं की हे दुःखाचं आहे. मी नेहमी गमतीचं म्हणून सांगायचे.

‘एकमेकांना पत्रं लिहिली म्हणून जमलं,’ व्हर्लिन म्हणाला. ‘समोरासमोर नसतं जमलं.’

९ जुलै, शुक्रवार

काय केलं मी हे.

पोस्टातून येताना कॉफी प्यायला कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये शिरले. मोठ्या टेबलावर ऑर्डवे, विम्याचा एजंट आणि हॅरिएट लुडेके. हॅरिएट शाळा मंडळाची अध्यक्ष. ऑर्डवेने मला हाक मारली. राज्याची राजधानी कोलंबस, तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राला आपली पाहणी हवी आहे म्हणे. ‘आणि सगळ्यांत जास्त काय हवंय सांगू, मिस कॉन्कल? तुमचा हेज! फोटो पाहिजे त्यांना. दाढीसकट.’

एजंट हसला. म्हणाला, ‘बिचाऱ्याच्या डोक्यात भुसा. टोपी उचलायला तेवढं पुरतं.’

मी म्हटलं, ‘तुम्हा तिघांपेक्षा त्याला जास्त येतं. तोंडी विचारून बघा! वीसच्या वीस सांगेल. त्याला वाचता येत नाही एवढंच!’

हॅरिएट लुडेकेचा चमचा कपात फिरत होता, तो थांबला. ‘कुणाला?’ तिने विचारलं. सगळ्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

मी त्याची बाजू घेत होते. — नाही. ऑर्डवेसमोर मला जिंकायचं होतं.

१० जुलै

ऑर्डवेकडे गेले. शपथ घेऊन म्हणाला, छापणार नाही. ‘पण मिस कॉन्कल, हॅरिएटला मी कसा गप्प करू? चाळीस मुलं असतात त्या बसमध्ये.’ माझ्याशी इतका चांगला तो कधी वागला नव्हता. कोट घालायला मदत केली.

१३ जुलै, मंगळवार

गेले. सांगायलाच हवं होतं. दार वाजवायच्या आधीच फर्न आतून म्हणाली, ‘आज नको, आर्डिथ.’ पहिल्यांदाच नावाने हाक मारली मला.

२० जुलै

पुढच्या खोलीत, नेओमाच्या दुकानात, दोघीजणी म्हणत होत्या, आपली पोरं बावीस वर्षं कुणाच्या हातात दिली आपण! त्यांतली एक लहानपणी त्याच्याच बसमधून शाळेत गेली. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या हिमवादळात बस अडकली, तेव्हा व्हर्लिनने तिला पाठुंगळीला घेऊन घरी पोचवलं होतं. नेओमाने तिला त्या गोष्टीची आठवण करून दिली. बाई म्हणाली, ‘हो गं, पण नियम म्हणजे नियम.’ नेओमाने तिचे केस फारच आखूड कापले. मुद्दाम.



२७ जुलै, मंगळवार

शाळा मंडळाची बैठक. मी मागच्या रांगेत. सभागृह भरलं होतं. वर्गणी गोळा करायला कधी एवढी माणसं येत नाहीत.

व्हर्लिन चर्चला जायच्या कोटात. फर्न हाताला धरून. हॅरिएट लुडेके वाचून दाखवत होती — मुलांची सुरक्षितता, जबाबदारी, वगैरे. मग म्हणाली, ‘मिस्टर स्टाउफर, तुम्हाला काही सांगायचंय?’

तो उभा राहिला. ‘बावीस वर्षांत एकही अपघात नाही. पुस्तिका मला पाठ आहे. काहीही विचारा. फक्त तोंडी विचारा.’

मंडळातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने घसा खाकरला. विचारणार होता बहुतेक. हॅरिएट म्हणाली, ‘परीक्षा लेखी आहे.’ त्याने घसा साफ केल्यासारखं केलं आणि पाण्याचा ग्लास घेतला.

पाच विरुद्ध शून्य — बस गेली.

निवृत्तीचा कागद सहीसाठी दिला. सही त्याला येते, लग्नाच्या वर्षी फर्ननेच शिकवली. पण सगळं सभागृह बघत होतं. माना उंच करून बघत होतं. आडनावाची शेवटची दोन अक्षरं राहिली. तशीच राहू दिली आणि पेन खाली ठेवलं.

मी उभी राहणार होते. गुडघ्यांवर हात ठेवला होता, उठायला. उठले नाही.

२९ जुलै, गुरुवार

साप्ताहिकात दोन ओळी. ‘व्ही. स्टाउफर हे बस चालक म्हणून निवृत्त होत आहेत. गाव त्यांचे आभारी आहे.’

१० ऑगस्ट

पिवळी बस त्यांच्या दारातून नेली. गवतात चार चाकांचे चौकोन राहिलेत, फिकट पिवळे.

पत्रांसाठी गेले होते. या वेळी व्हर्लिनने आत घेतलं. पत्रं वाचली, दोघंही नीट ऐकत होती. डॉक्टरचं एक, इंडियानातल्या मुलीचं एक. मुलगी म्हणते, इकडे या. खालची खोली आहे, आईला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. मी वाचता वाचता थांबले, तर फर्न म्हणाली, ‘वाचा ना, बाई.’ पुन्हा बाई झाले.

म्हटलं, ‘अक्षरं पुढे शिकू या का? अकरा झालीत.’ व्हर्लिन म्हणाला, ‘आता कशाला?’ रागाने नाही. दुकानात नको असलेली वस्तू परत करावी तसं.



१९ ऑगस्ट

आमच्या पाहणीचा निकाल कोलंबसच्या वर्तमानपत्रात. ‘राष्ट्राध्यक्षांबद्दल ओहायोकरांचं घोर अज्ञान.’ याच राज्यात सात राष्ट्राध्यक्ष जन्मले हे आठवणीने छापलंय. शंभर माणसं, सरासरी सात. माझं नाव खाली, बारीक अक्षरांत. नेओमाने कात्रण करून आरशाला लावलं नाही. दर वेळी लावते.

ते सरासरी सात खोटं आहे. निदान एक कागद खोटा आहे. आणखी किती असतील? पायरीवर कागद हातात घेऊन किती जण घाम पुसत बसले होते — मी घड्याळ बघत होते.

२५ ऑगस्ट, बुधवार

ऑर्डवेला पत्र लिहिलं. पाहणी चुकीची आहे, छापा. परत आलं. वर लिहिलंय — ‘मिस कॉन्कल, आता लोक विसरलेत. विसरू द्या.’

३० ऑगस्ट, सोमवार

शाळा सुरू. नवा ड्रायव्हर हॉर्न फार वाजवतो.

१ सप्टेंबर

उद्या जातायत. नेओमाने फर्नचे केस धुवून बसवून दिले, घरी जाऊन. आल्यावर म्हणाली, ‘तुझ्याबद्दल दोघांच्या तोंडून एक वाईट शब्द नाही. मीच वाट बघत होते एखाद्याची.’

सकाळी जाणार आहे मी. एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती या वहीतही लिहिलेली नाही.

२ सप्टेंबर १९७६, गुरुवार

फर्न गाडीत बसली होती. व्हर्लिन टपावरच्या सामानाला दोरी बांधत होता. मी म्हटलं, ‘मे महिन्यात पायरीवर बसलो होतो, तेव्हाच मला कळलं होतं. कागद तुम्ही उलटा धरला होता. मी पाहिलं आणि तरी भरून घेतला. शाळेने मला काढलं, तुम्हाला ठेवलं, म्हणून.’

त्याने गाठ घट्ट केली. ‘माहीत आहे, बाई. तुम्हीच तर हात पुढे करून तो सुलटा करून दिलात. काही बोलला नाहीत. संध्याकाळी फर्नला सांगितलं मी — बाईंनी ओळखलं, पण काळजी नको. त्या कुणाला सांगायच्या नाहीत.’